कार्बनची फ्रेम करायची? आधी एक नळी करा

भाऊ, जळगावात राहून स्वतःच्या हाताने कार्बनची सायकल फ्रेम करायची म्हणताय, फार आनंद झाला. जरूर करा. फक्त एकदम फ्रेमला हात घालू नका. आधी रेझिनमध्ये (चिकट, घट्ट होणाऱ्या द्रवात) भिजवलेल्या कार्बनच्या कापडाचे थर गुंडाळून, दाबून हातभर लांबीची नळी करा, ती सुकल्यावर मधोमध कापा आणि काप भिंगाखाली धरा. थरांमध्ये बारीक पोकळ्या दिसल्या, तर दाब कमी पडला.

सध्या एवढंच सांभाळा:

- धागा ज्या दिशेला, ताकद त्याच दिशेला. लांबीतले थर वाकणं झेलतात. पीळ झेलायला दोन्हीकडे तिरपे, ४५ अंशांचे थर लागतात. नवखे सगळं कापड एकाच दिशेने गुंडाळतात.
- रेझिन आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) वजनकाट्यावर मोजा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला की माल कच्चा राहतो.
- कार्बन ॲल्युमिनियमला थेट टेकवू नका, ॲल्युमिनियम गंजतं. मध्ये ग्लास फायबरचा थर द्या.
- घासताना मास्क हवाच.

आपल्या खान्देशात खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की डब्यात कालवलेलं रेझिन बघता बघता तापून घट्ट होतं. पहाटे काम करा, थोडंथोडं कालवा, पसरट भांड्यात ओता. शिवाय घरच्या तापमानाला सुकलेली बरीच इपॉक्सी (या कामात वापरतात ती रेझिन) ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि काळी फ्रेम उन्हात तेवढी सहज तापते. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात दिलंय तसं पोस्ट-क्युअर (सुकलेल्या मालाला पुन्हा ठरावीक उष्णता देणं) कराच, ते टाळून ती फ्रेम रस्त्यावर काढू नका.

प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कापड), साचे, ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवणारी भट्टी) हे सगळं नंतर बोलू.