सोमवारी तू नसलीस तर काय अडतं?

लेकरा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. वाळूजच्या कंपनीची ऑफर, वडिलांचं मानवतचं कापसाचं जिनिंग आणि कर्ज काढून कमर्शियल पायलट होणं, या तिन्हींतलं एक मी निवडून द्यावं असं तुझं म्हणणं.

तिसऱ्याचा निकाल आधी लावू. एअरलाइनमध्ये नोकरी करायची ओढ असेल तर खुशाल कर्ज काढ, काम चांगलं आहे. पण तू लिहिलंयस की तुला सकाळी एकटीनं वर जायचंय. एअरलाइनचा पायलट एकटा कधीच वर जात नाही, आणि त्याची सकाळ ड्यूटीचं रोस्टर ठरवतं. तुला हवंय ते प्रायव्हेट लायसन्स, पीपीएल. वय १७ पूर्ण, दहावी पास, क्लास टू मेडिकल म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, डीजीसीएची म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याची परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण. कमर्शियलला हेच तास २०० लागतात. पीपीएलवर मोबदला घेऊन उडता येत नाही, म्हणजे पोटाचा धंदा दुसरा लागणारच. तो कोणता, एवढंच आपल्याला बघायचंय.

पगाराचा हिशोब लवकर आटोपतो. दोन सीटचं छोटं विमान ताशी १४ हजारांना मिळतं असं धर; दर फ्लाइंग क्लबागणिक बदलतात. महिन्याला दोन तास म्हटले तर २८ हजार गेले. शिवाय क्लबापर्यंत जाण्या-येण्याचा खर्च, कारण आपल्याकडून कन्नडचा घाट उतरून धुळ्याला जा नाहीतर जळगाव-बारामती गाठ, दिवस मोडतोच. हे परवडेल एवढा पगार चार-पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळतो आणि तोवर लग्नाचं, घराचं बोलणं सुरू होतं. तरीही पैशापायी उडणं सोडलेले मला थोडेच दिसले. वेळेपायी सोडलेले कितीतरी.

कारण हवेचंही एक कॅलेंडर असतं आणि ते तुझ्या धंद्याच्या कॅलेंडरशी जुळावं लागतं. मराठवाड्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळची हवा लोण्यासारखी असते. धुकं एखाद्या दिवशी आडवं येतं, तेवढंच. मार्चपासून दहा वाजले की जमीन तापून वरखाली झटके बसायला लागतात. मे महिन्यात दुपारी ४२ अंशांत संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीवर, जी समुद्रसपाटीपासून जेमतेम १,९०० फूट उंच आहे, हवा इतकी विरळ होते की विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं: धाव लांबते, चढणं मंदावतं. त्यानंतर वळवाचे ढग, मग पावसाळा. रात्रीचं तर नावच नको. नुसत्या नजरेवर चालणारं उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांत संपवावं लागतं.

आता धंदे बघ. जिनिंगचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो, म्हणजे नेमकी हवा चांगली तेव्हा तू कापसाच्या गाड्या मोजत बसणार. साखर कारखान्याच्या इंजिनिअरचंही तेच, गाळप हिवाळ्यातच. लातूरला क्लासमध्ये शिकवणाऱ्याची पहाटेची बॅच सुटत नाही. सीए मंडळींचं ऑक्टोबर संपेपर्यंत डोकं वर निघत नाही, पण नंतर हिवाळा बऱ्यापैकी मोकळा. जालन्याच्या बियाण्यांच्या धंद्यातले लोक मे-जूनमध्ये मरमर मरतात, ज्या दिवसांत उडण्यात तसाही राम नसतो. झेडपीच्या शिक्षकाला दिवाळीची सुट्टी मिळते, ती सोन्यासारखी. पगार मात्र क्लबाच्या दराकडे बघून लाजतो. डॉक्टरकडे पैसा असतो, पण रात्री दोनला उठून सिझेरियन केलेल्या माणसानं सकाळी सातला विमान काढू नये, आणि ते त्यालाच सांगायला कुणी धजत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट सोमवारची. शिकाऊपण संपलं की माणूस लांबच्या गावी जायला लागतो. एका तासाच्या उड्डाणालाही फ्लाइट प्लॅन, एफआयसी-एडीसी नंबर (उड्डाणाच्या परवानगीचे क्रमांक), हवामानाचा अहवाल, इंधनात पाणी आहे का ते बघणं, यांत अर्धा दिवस जातो. रविवारी दुपारी परतताना समोर ढगांची भिंत उभी राहिली तर शहाणपण एकच: उतरायचं आणि मुक्काम करायचा. पण सोमवारी सकाळी नऊला ऑडिट असेल, सही तुझीच लागणार असेल, तर त्या भिंतीत तुला हमखास एक फट दिसायला लागेल. जगभर छोट्या विमानांचे कितीतरी अपघात अशा घरी पोचायच्या घाईतून झालेत. म्हणून ऑफर हातात आली की पगाराच्या आकड्याआधी हे बघ, की सोमवारी तू फोन करून ‘आज येत नाही’ म्हणालीस तर काय बुडतं. काहीच बुडत नसेल तर ती उडणाऱ्या माणसाची नोकरी. मी माझ्या वर्कशॉपमध्ये चाव्या दोन माणसांकडे ठेवतो, ते याच कारणानं. चोरीची भीती दाखवणारे नातेवाईक आहेतच.

जेआरडींचं नाव घेतलं की लोक म्हणतात, ते टाटा होते, त्यांचं काय! खरंय. पण १९२९ साली देशातलं पहिलं लायसन्स घेणारा माणूस १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आला, आणि १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, पुन्हा त्याच वाटेनं उडला. मधली पन्नास वर्षं उद्योग सांभाळला. एअरलाइनवाल्याला ६५ ला थांबावं लागतं. मेडिकल पास होत गेलं तर हौशी माणसाला तशी घाई नाही, म्हणून तू पहिल्याच वर्षी सगळं उरकायच्या मागे लागू नकोस.

फक्त ते ४० तास दर रविवारी एक असे तुकड्या-तुकड्यानं करू नकोस. दोन रविवार चुकले की हात विसरतो आणि तिसऱ्या रविवारी जुनाच धडा पुन्हा पैसे भरून शिकावा लागतो. हिवाळ्यात महिनाभर सलग रजा काढ. पुढे मग महिन्याला एक-दोन तास पुरतात.

तेव्हा माझं मत वाळूजकडे, पण काही गोष्टी विचारून. शिफ्ट फिरती की जनरल? नाईट करून सकाळी उडायचं नाही, हे मी हात जोडून सांगतो. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? मधल्या वारी असेल तर उत्तम, क्लबात गर्दी कमी. साठवलेली रजा सलग देतात का? आणि साहेबाला पहिल्याच महिन्यात सांगून टाक की तू उडतेस. लपवलेली हौस रजेच्या अर्जात पकडली जाते. आयुर्विम्याच्या फॉर्ममध्येही असले छंद विचारतात, तिथे खरं लिही, हप्ता वाढला तरी.

क्लास टू मेडिकल मात्र ऑफरवर सही करायच्याही आधी करून घे. डोळ्यांचा, रंग ओळखण्याचा काही प्रश्न निघाला तर सगळा बेत नव्यानं मांडावा लागेल.

आणि वडिलांशी जिनिंगबद्दल दसऱ्याच्या आत बोल. एकदा कापूस यायला लागला की ते कुणाचंच ऐकत नाहीत.

तुझा,
काका