पत्रा एकच बदला, आधी पॉलिसीचा अर्ज काढा

दापोली तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक, वय ६३, लिहितात: घराची पश्चिमेची भिंत जांभ्याची, झडीसाठी तिच्यावर ११ पत्रे मारलेत. परवाच्या वळवात एक फाटला. ठेकेदार म्हणतो, तो रंग आता मिळत नाही, सगळेच बदला, १ लाख ४० हजार. एकच बदलला तर ४ हजार. एफडी मोडू की सोनं तारण ठेवू? आणि शेवटी: ‘एफडीला हात लावला तर नोव्हेंबरचा ५ लाखांचा हप्ता कसा भरू?’

गुरुजी, पत्र्याचं लवकर संपवतो. बाकीच्या दहांवर स्क्रूंभोवती पेचकस दाबून बघा. आत शिरला नाही तर पत्रा शाबूत आहे. रंगाची अडचण असेल तर न्हाणीकडच्या टोकाचा जुना पत्रा पुढे आणा, नवा तिकडे मारा. तिथे बघायला जातंय कोण? चार हजार पेन्शनमधून जातील. मिरगाआधी उरका. सोनं घरातच राहू दे.

आता तो हप्ता. उलट विचारलं तेव्हा कळलं, गेल्या नोव्हेंबरात तुम्ही बँकेत एफडी करायला गेलात आणि ‘एफडीपेक्षा चांगलं’ म्हणून विमा पॉलिसी घेऊन आलात. तुम्हाला वाटलं, एकदाच पाच लाख. निघाले दर वर्षी पाच लाख, सात वर्षं. पंधराव्या वर्षाअखेर ५५ लाख मिळणार.

पेन्शन महिना ३१ हजार, म्हणजे वर्षाला पावणेचार लाख. अख्खं दिलं तरी हप्त्याला सव्वा लाख कमी. एफडी १४ लाखांची. आणखी दोन हप्ते निघतील, तिसऱ्याला अडकाल. असल्या माणसाला ही पॉलिसी विकणाऱ्याला गणित येत नव्हतं असं मी मानत नाही. आणि ते ५५ लाख? ३५ लाख सरासरी बारा वर्षं अडकवायचे, परतावा चार टक्क्यांच्याही आत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के आहेत, पाच लाखांवर दर तिमाहीला सव्वादहा हजार.

बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. तुमचा बाँड लिफाफ्यातच राहिला, ती मुदत गेली. तरी तो आज उघडा. आत तुमच्या सहीच्या अर्जाची प्रत असते, त्यात वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. दहा-बारा लाख लिहिलं असेल तर खोटं उत्पन्न दाखवून पॉलिसी गळ्यात मारल्याचा तोच तुमचा पुरावा. पेन्शनची स्लिप जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

‘पहिले पाच वाचवायला दुसरे पाच भरा’ असा फोन नक्की येईल. भरू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसीत एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असला की पहिलं वर्ष सरल्यावर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळते. लोकपालाकडे काही झालं नाही तर ती घेऊन बाहेर पडा. लाख-दोन लाख बुडतील, पण ३० लाख भरायचे वाचतील.

गंमत म्हणजे एवढ्या विम्यात घराचा विमा नाहीच. ‘भारत गृह रक्षा’ २०२१ पासून मिळते, त्यात वादळाचं नुकसान धरलेलं असतं. ती घ्या. आणि अर्जात उत्पन्न काय निघालं ते कळवा.