सरांचा तो तास: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही कॉलेजातल्या विक्षिप्त प्राध्यापकांच्या आणि त्यांच्या वेगळ्या तासांच्या आठवणी मागवल्या होत्या. आठवणी आल्याच, पण त्यांहून जास्त प्रश्न आले. तो तास पुन्हा कसा घ्यायचा, हे अनेकांना हवं आहे. त्यातले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आमचे फिजिक्सचे सर छताला टांगलेला लोखंडी गोळा हनुवटीला टेकवून सोडायचे आणि तो परत येईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. जानेवारीत बॅचचं स्नेहसंमेलन आहे, मंडपात हा प्रयोग करायचा आहे. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. काय काळजी घ्यावी? (वाचक, मांजलपूर, बडोदा)

सरांना गोळ्यासमोर उभं करू नका, तुमच्यापैकीही कुणी राहू नका. हनुवटीच्या जागी मडकं ठेवा. प्रयोग तोच राहतो, आणि मडकं फुटूही शकतं, म्हणून पाहणाऱ्यांना जास्त समजतं.

मंडपवाल्याकडून लोखंडी पाइपांची ३ मीटर उंचीची चौकट बांधून घ्या. दोन्ही बाजूंचे पाय झोक्याच्या दिशेने किमान २ मीटर फाकलेले हवेत आणि प्रत्येक बाजूला तिरका पाइप हवाच. चौकट हलली की गोळ्याची ऊर्जा तिच्यात जाते, गोळा बराच अलीकडे थांबतो आणि प्रयोग फसल्यासारखा दिसतो. कार्यक्रम जुन्या इमारतीत असेल तर छताला नवा हुक ठोकू नका. पंख्याच्या हुकावरही भिस्त नको. तो उभं वजन पेलायला बसवलेला असतो, आडवे हिसके सोसायला नाही.

गोळ्याऐवजी जिममधलं ८ किलोचं केटलबेल घ्या. त्याला कडी असते, त्यामुळे दोरी निसटत नाही. दोरी नायलॉनची नको, ती ताणली जाते आणि वजन खालीवर उसळतं. ८ मिलिमीटरची पॉलिएस्टरची दोरी चालते. एका दोरीवर टांगलं तर सोडताना थोडा आडवा धक्का बसला तरी वजन लंबगोल फिरायला लागतं आणि बाजूच्या माणसाला लागू शकतं. म्हणून आडव्या पाइपावर ६० सेंटिमीटर अंतरावर दोन ठिकाणी दोऱ्या बांधून इंग्रजी व्ही अक्षरासारखं टांगा, म्हणजे ते एकाच रेषेत झुलतं. वरपासून वजनापर्यंतची उभी उंची २.५ मीटर ठेवा. एक पूर्ण झोका सुमारे ३.२ सेकंदांचा होईल.

वजन मधल्या जागेपासून १.२ मीटर मागे ओढलं की ते सुमारे ३० सेंटिमीटर वर चढतं. खाली येताना त्याचा वेग सेकंदाला साधारण अडीच मीटर असतो आणि दोऱ्यांवर सुमारे १० किलोचा ताण येतो. आदल्या दिवशी त्याच दोऱ्यांना ४० किलो वाळूचं पोतं अर्धा तास टांगून बघा. गाठ सरकली तर तेव्हाच कळेल.

वजन हाताने सोडू नका. सोडताना हात नकळत पुढे ढकलतो, आणि हा प्रयोग बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. मागच्या खांबाला कच्च्या सुती दोऱ्याने वजन ओढून बांधा. पातळ मडकं स्टुलावर, त्याच उंचीला, वजनापासून बोटभर मागे ठेवा. दोरा मडक्याच्या कडेने जाऊ द्या, मडक्यामागे विटेचा टेकू द्या आणि खाली गोणपाट अंथरा. मग काडीने दोरा जाळा. वजन जाईल, परत येईल आणि मडक्याच्या थोडं अलीकडे थांबेल. हवा आणि दोरीच्या घर्षणात जेवढी ऊर्जा गेली तेवढं ते अलीकडे राहतं. दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त कमी पडलं तर चौकटीचे नट आवळा.

दुसऱ्या फेरीला हाताने पुढे ढकलून सोडा. ढकलताना सेकंदाला एक मीटर वेग दिला तरी वजन परतताना आठ-नऊ सेंटिमीटर पुढे येतं आणि मडकं फुटतं. हात लावणाऱ्याने लगेच बाजूला व्हायचं. दोन्ही टोकांना दीड-दोन मीटर कुणी नको, पहिली रांग ३ मीटर मागे. समोर बसलेल्या सरांना दोरा जाळायची खूण करायला सांगा.

आमच्या तुकडीची स्मरणिका काढायची आहे. प्राध्यापकांचे किस्से पुष्कळ जमलेत, पण सगळे एकसारखेच वाटतात. निवड कशी करावी? (वाचक, दांडिया बाजार, बडोदा)

एकसारखे वाटतात, कारण त्यांत टोपणनाव, छत्री आणि विसरभोळेपणा आहे, पण तास नाही. सर सायकल कॉलेजात विसरून चालत घरी गेले, ही गोष्ट प्रत्येक गावात दोन-तीन प्राध्यापकांच्या नावावर सापडते. सांगणाऱ्याला खोली, वर्ष आणि त्या दिवशीचा विषय विचारा. तिन्ही सांगता आले नाहीत तर किस्सा बाजूला ठेवा.

चांगली आठवण कशी असते याचं उदाहरण बडोद्यातच आहे. श्री अरविंद बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांनीच पुढे सांगितलं आहे की इंग्रज लेखक साउदे याने लिहिलेल्या नेल्सन या नौदल सेनापतीच्या चरित्राच्या तासाला मुलांनी तक्रार केली, तुमचं विवेचन पुस्तकामागच्या टिपांशी जुळत नाही. त्यावर त्यांचं उत्तर होतं की त्या टिपा त्यांनी वाचल्याच नव्हत्या. यात पुस्तक आहे, मुलांचा आक्षेप आहे, शिक्षकाचं उत्तर आहे. ते टिपांवर विसंबून शिकवत नसत, हे एवढ्यात कळतं. विशेषण एकही लागलं नाही.

मुलाखती एकेकट्याने घ्या. चौघांना एकत्र बसवलं की पहिल्याची आठवण उरलेल्या तिघांची होऊन जाते. फोन एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या नॅपकिनवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि पंखा बंद करा. चाळीस मिनिटांपुढे वयस्कर माणूस दमतो. ‘सर कसे होते?’ असं विचारलं की ‘फार छान’ एवढंच मिळतं. टेबलावर काय असायचं, फळ्याच्या कुठल्या कोपऱ्यापासून लिहायचे, हजेरी आधी की नंतर, पहिलं वाक्य काय असायचं, हे विचारा. सरांचं वाक्य अवतरणात द्यायचं तर ते दोघांनी स्वतंत्रपणे, पण सारखंच सांगितलेलं हवं. बडोद्यातले कित्येक प्राध्यापक एकाच वाक्यात मराठी, गुजराती आणि इंग्रजी बोलत. ते तसंच देवनागरीत छापा, शुद्ध मराठी केलंत तर सरांचा आवाज जाईल.

नावं तपासा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये झालं. त्याआधीची आठवण असेल तर घुमटाच्या इमारतीला बडोदा कॉलेजच म्हणायला हवं. बोलण्यातलं अडखळणं, जात, शरीराची ठेवण, घरची तंगी यांवरचे किस्से आमच्या मते छापूच नयेत, हयात नसलेल्यांचे तर मुळीच नाही. प्रत्येक लेख सरांच्या घरी आधी दाखवा.

छपाईचं थोडक्यात. पानं सोळाच्या पटीत ठेवा, ८० किंवा ९६. डेमी आकाराच्या पानावर सुमारे ३०० शब्द बसतात, म्हणजे चारशे शब्दांच्या ४० आठवणींना ५५ पानं लागतात. जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि समूहचित्राखाली रांगेनुसार डावीकडून नावं द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार आणि ‘ऱ्या’ हमखास बिघडतात. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘पूर्वार्ध’ असे शब्द शोधून तपासा.

आमच्या सरांनी ध्वनीचा अख्खा तास तंबोऱ्यावर घेतला होता, तारेवर कागद नाचवून. घरी तंबोरा आहे. नातवंडांना दाखवता येईल का? (वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

नक्की. पतंगाचा कागद घ्या. ३ मिलिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापून मधोमध दुमडा. पंखा बंद. जोडीच्या, म्हणजे मधल्या सारख्या सुराच्या, दोन्ही तारा तारेवरच्या मण्याने बारीक सुरात आणा. दोघींत फरक असेल तर आवाज कमीजास्त होताना ऐकू येतो. ही लाट सेकंदाला दोनदा आली तर कंपनांत दोनचा फरक आहे. लाट पूर्ण थांबली की एका तारेच्या मध्यावर कागद बसवा आणि दुसरी छेडा. कागद उडतो. नाही उडाला तर सूर अजून जुळलेला नाही, कागदाचा दोष नाही.

याहून सुंदर भाग पुढे आहे. घोडीपासून (भोपळ्यावरची पट्टी) मेरूपर्यंत (वरच्या टोकाची पट्टी) खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, तारेची लांबी मोजा. एक कागद बरोबर मध्यावर, दुसरा पाव अंतरावर ठेवा. तार १०० सेंटिमीटर असेल तर ५० आणि २५ वर. आता खर्जाला हात न लावता जोडीची तार छेडा. पाव अंतरावरचा कागद थरथरतो, मधला तसाच राहतो. जोडीचा सूर खर्जाच्या दुप्पट कंपनांचा, म्हणून खर्जाची तार दोन भागांत हलते आणि मध्यबिंदू स्थिर राहतो. खर्जाची तार जाड असल्याने हालचाल लहान असते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये टिपून मोठ्या पडद्यावर दाखवा.

शेवटी जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली सरकवलेला) काढून तार मध्यावर छेडा, मग दोरा जागेवर आणून तशीच छेडा. मध्यावर छेडल्यावर सम स्वरांश (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट अशा कंपनांचे सूर) उठायला नकोत असा नेहमीचा नियम आहे. तंबोऱ्यात दोरा लावल्यावर ते ठळक ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीबद्दल हेच मांडलं.

कागदाकडे न बघता चित्र काढायचा तास आठवतो. शाळेत घेता येईल? (शिक्षिका, अलकापुरी, बडोदा)

येईल. ए-थ्री कार्ट्रिज कागद चारी कोपऱ्यांना टेपने चिकटवा, नाहीतर तो सरकतो आणि मुलं खाली बघतात. पुठ्ठ्याच्या वीतभर तुकड्याला भोक पाडून त्यातून ४बी पेन्सिल घाला, म्हणजे हाताखालची रेघ झाकते. समोर स्वतःचा डावा हात किंवा आल्याचा तुकडा. आठ मिनिटं द्या. दोन मिनिटांत संपवणारी मुलं आठवणीतलं चित्र काढतात, समोरचं नाही. नजर मुंगीच्या चालीने कडेवरून फिरते तेवढीच पेन्सिल फिरायला हवी. पेन्सिल उचलली की जागा हरवते, म्हणून उचलायची नाही. गुण देऊ नका.

आमच्या प्राध्यापकांनी पहिल्या वर्षी नरसाळ्यात डांबर ओतून कपाटावर ठेवलं आणि निरोपाच्या दिवशी दाखवलं. मूळ प्रयोग कुठला, आणि आता करता येईल का? (वाचक, राजवाडा परिसर, इंदूर)

मूळ प्रयोग ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठातला. थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये तापवलेलं पिच (डांबरासारखा, पण घट्ट काळा पदार्थ) नरसाळ्यात ओतलं, तीन वर्षं स्थिरावू दिलं आणि १९३० मध्ये नळीचं तोंड कापलं. पहिला थेंब १९३८ मध्ये पडला. पार्नेल १९४८ मध्ये वारले. तोवर दोन थेंब पडले होते, दोन्ही पडताना कुणी पाहिले नव्हते. प्रयोग पुढे जॉन मेनस्टोन यांनी सांभाळला. २००० मध्ये आठवा थेंब पडला तेव्हा कॅमेरा बिघडला होता.

रस्त्याचं डांबर त्या पिचपेक्षा खूप मऊ असतं. व्हीजी-३० प्रतीचं डांबर ४७ अंशांच्या आसपास ढिलं पडायला लागतं, त्यामुळे मे महिन्यात गच्चीवर ठेवलंत तर काही दिवसांतच ओघळेल. जास्त दिवस चालवायचं असेल तर उन्हापासून दूर, आतल्या खोलीत ठेवा. कोळशाच्या डांबराचं पिच वापरू नका, त्याची वाफ आणि धूळ आरोग्याला घातक आहे.

शंभर ग्रॅम व्हीजी-३० लोखंडी कढईत, उघड्यावर, इलेक्ट्रिक शेगडीवर १५० अंशांपर्यंत तापवा. गॅसची ज्योत नको. कढईत पाण्याचा थेंबही नको, फेस येऊन डांबर उतू जातं आणि हात भाजतात. चामड्याचे हातमोजे घाला. काचेच्या नरसाळ्याची नळी किमान ८ मिलिमीटर रुंद असू द्या. तिचं तोंड ॲल्युमिनियमच्या फॉइलने बंद करा आणि नरसाळं आधी कोमट करून घ्या, थंड काच तडकते. डांबर एका धारेत ओता, थांबून थांबून ओतलं तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि थेंब अर्ध्यातून तुटतो. एक दिवस निवू द्या, मग फॉइल काढा, खाली बीकर ठेवा, वर बरणी पालथी घाला. शेजारी थर्मामीटर लावा आणि आठवड्यातून एकदा त्याच अंतरावरून फोटो काढून तापमान लिहा. तापमानाची नोंद नसेल तर थेंब लवकर का पडला ते सांगता येणार नाही. निरोपाच्या दिवशीच पडावा म्हणून नरसाळं उन्हात सरकवायचा मोह होतो, तेवढा टाळा.