‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द आदेशात घालू नका

जिल्ह्याच्या हवामान सल्लागार समितीच्या आदेशाचा मसुदा कसा करायचा, ही तुमची पोस्ट वाचली आणि हसायलाच आलं, राग मानू नका. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला बोलवायचं, हवामान बदलावर जिल्ह्याची शास्त्रीय सल्लागार समिती करायचीय, मसुदा तुम्हीच करा म्हणायचं, आणि मग तीनदा ‘त्रुटी’ लिहून फाईल परत पाठवायची, हे सगळं माझं भोगून झालंय. मी भूगोल शिकवायचे, आता रिटायर. जिल्हा सांगत नाही, कोकणातलाच, तेवढं पुरे.

शास्त्रज्ञ किती आणि कुठून घ्यायचे असं तुम्ही विचारलंय. तो सगळ्यात सोपा भाग आहे हो. दापोलीचं कृषी विद्यापीठ, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, आंब्यासाठी वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, हवामान खात्याचं एक माणूस, समुद्राचं बघायला दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतलं कोणीतरी. सात-आठच्या वर जाऊ नका. मोठमोठी नावं लग्नपत्रिकेतल्या प्रेषकांसारखी शोभेला असतात, बैठकीला ती येत नाहीत. सदस्य सचिव, म्हणजे बैठका बोलावणारा अधिकारी, पदनामाने ठेवा, नावाने नको, एवढं तुम्हाला माहीत असेलच.

आता माझी चूक. मसुद्यात मी एक वाक्य घातलं, ‘समितीची बैठक आवश्यकतेनुसार घेण्यात यावी.’ मीच घातलं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. आधी ‘दर तीन महिन्यांनी’ असं होतं, तर शाखेतले कारकून म्हणाले, मॅडम, असं लिहिलंत आणि एखादी राहिली तर ऑडिटवाला धरेल, मोकळं ठेवा. मला ते व्यवहारी वाटलं. पहिली बैठक झाली, काजू, चहा, फोटो. दुसरी पाच महिन्यांनी, तिला अर्धे सदस्य. मग साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना भेटायला गेले तर ते आदेश वाचून अगदी नम्रपणे म्हणाले, आवश्यकता भासली की कळवू. दीड वर्ष भासली नाही. मध्ये तौक्ते वादळ येऊन आंब्याची वाट लावून गेलं, घरांचे पत्रे उडाले, तरी भासली नाही! आणि बोट दाखवायला जागा नाही, कारण शब्द माझाच.

म्हणून सांगते, आदेशात महिने लिहा. आणि समितीने शिफारस केली की अमुक दिवसांत ती मान्य की अमान्य ते कारणांसह लेखी कळवायचं, आणि अहवाल इतक्या दिवसांत लोकांसाठी खुला करायचा, ही दोन वाक्यं नसतील तर बाकीचा मसुदा फाडून टाका. ब्रिटनमध्ये २००८च्या कायद्याने हवामान बदलावर अशी समिती आहे, तिच्या अहवालाला सरकारला संसदेत उत्तर द्यावंच लागतं. आपल्याकडचं बघा, पश्चिम घाटाचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११च्या ऑगस्टमध्ये सरकारकडे गेला, आपल्या हातात यायला २०१२चा मे उजाडला, तोही माहिती अधिकारातून भांडून. त्यात काय होतं ते पटो न पटो, नऊ महिने दाबून ठेवता आला हे महत्त्वाचं. याउलट डहाणू तालुक्याचं पर्यावरण संरक्षण प्राधिकरण, १९९६चं, न्यायमूर्ती धर्माधिकारी होते त्याचं. ते पर्यावरण कायद्याखाली अधिकार देऊन नेमलेलं, त्यामुळे १९९८ला ते तिथल्या वाढवण बंदराला नाही म्हणू शकलं. तुम्हाला तेवढं कोणी देणार नाही, पण आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चं कलम २८ वाचा, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सल्लागार समित्या नेमता येतात आणि तज्ज्ञाला भत्ताही देता येतो. मी वकील नाही, तुमच्या विधी शाखेकडून तपासून घ्या. आमच्या आदेशात कुठल्याच कलमाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे प्रवासभत्ता खर्चाच्या कुठल्या हेडमधून हा प्रश्न शेवटपर्यंत लटकला आणि दापोलीहून येणारे एक प्राध्यापक स्वतःच्या खिशातून डिझेल घालत राहिले, मला आजही लाज वाटते.

दुसरी डोकेदुखी म्हणजे माहिती. आम्हाला एवढंच हवं होतं की गेल्या पंधरा-वीस वर्षांत खारभूमीचे बांध, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले, कुठे, कधी फुटले. ज्या कार्यालयाकडे हे असायला हवं (नाव घेत नाही, कृपया अंदाजही लावू नका) तिथे मी अकरा वेळा गेले. साहेब दौऱ्यावर. चार महिन्यांनी पत्र आलं, ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’, अमुक कार्यालयाकडे विचारा. तिकडे विचारलं तर त्यांनी पहिल्याकडेच बोट दाखवलं, आणि वर माझ्याच पत्राची झेरॉक्स जोडून पाठवली. मला म्हणजे अक्षरशः भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

शेवटी माहिती मिळाली खाडीकाठच्या एका गावात, तात्या म्हणून एका शेतकऱ्याकडे. त्यांनी माळ्यावरून भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या सुतळीने बांधलेल्या गुंडाळ्या काढल्या, चौदा वर्षांच्या. बांधावरून खारं पाणी शेतात आलं की त्या तारखेवर पेन्सिलीने फुली, उघाडीचं (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं) दार गेलं असेल तर फुलीभोवती गोल. आणि कॅलेंडरवर तिथी छापलेली असते ना, सगळी गंमत तिथेच आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे उधाण, म्हणजे मोठी भरती असते, तेव्हा पाणी चढलं तर नवल नाही. पण अष्टमी-नवमीला भांग, भरती कमी, आणि तरी फुली असेल तर ते नुसतं भरतीचं पाणी नव्हे, वाऱ्याने लोटलेलं, वरून नदीचं आलेलं, नाहीतर बांधच खचलेला. फयान वादळ आलं त्या ११ नोव्हेंबर २००९ला अमावास्या अजून लांब होती, तात्यांची फुली आहे. उलट चिपळूण बुडालं ती २२ जुलै २०२१, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे वरून वाशिष्ठी नदीचं पाणी आणि खालून भरतीही मोठी, उतरायचं कुठे त्या पाण्याने? (कोयनेच्या वीजघरांतून वाशिष्ठीत सोडतात त्या पाण्याचा, अवजलाचा, वाद इथे काढू नका, तो वेगळा धागा होईल.)

मी तात्यांचं नाव सदस्य म्हणून घातलं तर फाईल परत. ‘अ. क्र. ७ यांची शैक्षणिक अर्हता नमूद नाही.’ मी लिहिलं, चौदा वर्षांच्या नोंदी. पुन्हा परत. शेवटी ते नाव गाळलं गेलं आणि मी भांडले नाही, तेव्हा दमले होते. तुम्ही असं करा, ‘कायम निमंत्रित’ असा वेगळा रकानाच करा, त्यात अर्हतेचा कॉलम ठेवूच नका, आणि भत्त्याच्या वाक्यात ‘सदस्य व निमंत्रित’ असं दोन्ही लिहा. दोन शेतकरी, दोन मच्छीमार. मच्छीमारांना जून-जुलैत बोलवा, बंदी असते, येतील. मे महिन्यात बागायतदाराला हाक मारून उपयोग नाही, आणि शिमग्यात तर कोणालाच नाही.

हे सगळं माझ्या एका जिल्ह्याचं आणि काही वर्षांपूर्वीचं, तुमच्याकडचे साहेब चांगले असतील तर गोष्ट वेगळी. मसुदा इथे टाकलात तर लाल पेन घेऊन बसते, पण गणपती झाल्यावर, आत्ता घरात चौदा माणसं येणारेत.