शेवटचे दहा मीटर

मागच्या अंकात भरती-ओहोटीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना, आम्ही चौघी मैत्रिणी रविवारी फेरीत बसून चोडण बेटावर डबे शोधायला जातो, असं सहज लिहून गेले. झालं! या वेळच्या टपालात ग्रहणं नाहीत, वारे नाहीत, सगळे डबेच डबे. तेव्हा हा महिना जिओकॅशिंगचा. मान्सूनवाल्यांनी रागावू नये, तुमची पत्रं जपून ठेवली आहेत.

प्रश्न : बाई, माझा भाचा आणि त्याचे मित्र सुटीच्या दिवशी मोबाईल घेऊन झाडांच्या ढोलीत हात घालत फिरतात. घरी येतात ते रिकाम्या हातानं, पण खूश. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : रिकाम्या हातानं येतो म्हणजे भाचा नियमानं खेळतोय. कुणीतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर टाकतो. बाकीच्यांनी फोनवरच्या जीपीएसनं तिथं पोचायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर आपलं खेळातलं नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथंच, होता तसाच ठेवायचा. डबा मोठा असला तर आत गोट्या, बिल्ले, किल्लीची कडी असली किडुकमिडुक असते. एक घेतली तर त्याच तोलाची दुसरी ठेवायची.

भूगोलाच्या बाईला यातली गंमत वाटते ती तारखेची. मे २००० पर्यंत अमेरिकेचं सरकार जीपीएसचे नागरी संकेत मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ते बिघडवणं १ आणि २ मेच्या मधल्या रात्री बंद झालं, आणि चूक एकदम दहा-वीस मीटरांवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थानं ओरेगन राज्यातल्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांत ती दोघांना सापडली. त्या बादलीत पुस्तकं होती, बेचकी होती आणि घेवड्यांचा एक हवाबंद डबा होता. आता खाण्याची वस्तू ठेवायला मनाई आहे, जनावरं डबा फोडतात म्हणून. आपल्याकडे तर पहिला शोध मुंग्यांनीच लावला असता.

प्रश्न : बाई, आम्ही पाच जण पणजीत दोन तास फिरलो. फोन 'शून्य मीटर' दाखवायचा, दोन पावलं टाकली की 'नऊ मीटर' म्हणायचा, बाण गरगर फिरायचा. डबा काही मिळाला नाही. फोन बदलायला हवा का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, फोंडा

उत्तर : पोरांनो, फोन चांगला आहे. आई-बाबांकडे नवीन मागण्यासाठी माझ्या नावाचा उपयोग करू नका.

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरांपर्यंत बरोबर असतो. अठरा जून रस्त्यावर दोन्हीकडे उंच इमारती. उपग्रहाचा संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. आल्तिन्हो टेकडीवरच्या दाट झाडांखाली वेगळंच रडगाणं. त्यातून डबा लपवणाऱ्याच्या फोनचीही चूक असतेच. त्याचे पाच आणि तुमचे पाच, झाले दहा. या दहा मीटरांत फोन काही बोलला तरी त्याचं ऐकायचं नाही. बाण गरगरतो कारण तुम्ही जागच्या जागी घुटमळता. वीस पावलं मागे जा, सरळ चालत या, बाण कुठं रोखतो ते बघा. मग दुसऱ्या बाजूनं तसंच या. दोन्ही रेघा जिथं छेदतात तिथं फोन खिशात टाका.

त्याआधी एक मात्र तपासा, कारण निम्म्या पत्रांत हीच चूक आहे. या खेळातले अंक अंश आणि दशांश मिनिटांत असतात. १५° २९.५०० याचा अर्थ एकोणतीस मिनिटं आणि अर्धं मिनिट, म्हणजे तीस सेकंद. ते कुणी 'एकोणतीस मिनिटं पन्नास सेकंद' असं वाचलं तर वीस सेकंदांची चूक झाली. अक्षांशाचं एक सेकंद म्हणजे जवळजवळ एकतीस मीटर. डबा पणजीतल्या मळा भागाच्या बाजूला, आणि तुम्ही सहाशे मीटर उत्तरेला चर्चच्या अंगाला दगड उचलताय! शाळेत हे शिकवलं तेव्हा तुमचं लक्ष खिडकीबाहेर होतं, दुसरं काय.

आता शेवटचे दहा मीटर. डोळ्यांनी 'डबा' शोधू नका, तिथं शोभत नाही असं काय आहे ते शोधा. आल्तिन्होच्या उतारावर एका कठड्याशी आम्ही चौघींनी अशीच एक दुपार घालवली. एक जण बँकेतून निवृत्त, एक नर्स, एक खानावळ चालवणारी, आणि मी. झुडपात बघून झालं, पायरीखाली बघून झालं, नर्सबाईंनी तर गटाराचं झाकण उचललं. शेवटी खानावळवाली कठड्याला टेकून म्हणाली, "यातले सहा बोल्ट गंजलेत, सातवा का नाही गंजला?" पणजीच्या खाऱ्या हवेत न गंजलेलं लोखंड! तो बोल्ट नव्हताच. पाठीला लोहचुंबक लावलेली, करंगळीच्या पेरापेक्षा लहान अशी डबी होती ती. आत कागदाची सुरळी, दुधाच्या दातासारखी. ती बाहेर काढायला भुवया कोरायचा चिमटा लागला, आणि परत आत घालायला पंधरा मिनिटं. तेव्हापासून आमच्या पर्समध्ये चिमटा असतोच.

अडलात तर संकेतस्थळावर डब्याच्या पानावर 'हिंट' म्हणजे इशारा असतो, ती वाचा. ती सांकेतिक लिपीत असते, पण लिपी अगदी बाळबोध: इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढं सरकवायचं, 'ए'च्या जागी 'एन'. आणि नाही सापडला तर 'नाही सापडला' असं नोंदवा. लाज कसली? लागोपाठ चार-पाच जणांनी तसं लिहिलं की डब्याच्या मालकाला कळतं, डबा गेला.

प्रश्न : बाई, मी सत्तरी ओलांडलेला माणूस. दुपारी जेवून बाल्कावात बसलो की अनोळखी पोरं येऊन माझ्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटींत बोटं घालतात. विचारलं तर 'काही नाही अंकल' म्हणून पळतात. परवा दोन चिरे सुटून खाली पडले. हा तुमचा खेळ असेल तर तो माझ्या घरासमोर का?
— एक घरमालक, हळदोणे

उत्तर : काका, तुमचं बरोबर आहे, आणि खेळाचा नियमही तुमच्याच बाजूनं आहे. खासगी जागेत डबा ठेवायचा तर मालकाची परवानगी आधी लागते. तुमच्या गडग्यात खरंच डबा असेल तर संकेतस्थळावरच्या त्याच्या पानावरून तक्रार नोंदवता येते. जागेच्या मालकानं नको म्हटलं की तो डबा यादीतून काढतात. तुमच्या नातवाला सांगा, त्याला दहा मिनिटांचं काम. डबा मुळात रस्त्यापलीकडे असेल आणि पोरं दहा मीटर चुकत असतील, असंही होऊ शकतं. मग डब्याच्या मालकाला पानावर एक ओळ टाकायला सांगावी: 'गडग्याला हात लावू नये.' चिरे मात्र पोरांनी बसवून द्यायला हवेत. त्यांचे आईबाप हे वाचत असतील तर बघा.

मला हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. आमचा पहिला डबा आम्ही चोडणला खाजनाच्या (खाडीकाठच्या शेताच्या) बांधावर, मानशीच्या (भरतीचं पाणी अडवणाऱ्या फाटकाच्या) लाकडी दारांशेजारी ठेवला. बांध मोकळा, माणूस नाही, वर आकाश, समोर बगळे. कुणाला विचारायचं सुचलंच नाही. डबा म्हणजे जुना जेवणाचा डबा, त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. आत काय? मण्यांची माळ, प्लास्टिकची बोटभर बाहुली, एक रुपया आणि लांब कागदावर चौघींची नावं.

वाचताना तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या नाही आलं.

चौथ्या दिवशी गेलो तर डबा मानशीपासून दूर एका खुंटाला काठीनं अडकवलेला, खाली हळदकुंकू आणि चिरलेलं लिंबू. मानस सांभाळणाऱ्या शेतकऱ्यानं तो उघडला होता, बाहुली आणि नावं बघून करणी म्हणून बंद केला होता, आणि करणी उतरवणाऱ्या घाडीला निरोप धाडला होता. तीन दिवस त्या दारांना कुणी हात लावला नव्हता. भरतीला मानशीची दारं मिटली नाहीत तर खारं पाणी शेतात शिरतं, हे मी एकतीस वर्षं वर्गात शिकवलं! त्या माणसासमोर उभं राहून 'तो खेळ आहे हो' म्हणताना माझी जीभ टाळ्याला चिकटली. तो रागावला नाही. कागदावरची नावं एकेक वाचून ती कुणाची ते विचारलं, नर्सबाईंना स्वतःच्या गुडघ्याबद्दलही विचारलं, आणि मग म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर मीच जागा दाखवली असती." नंतर त्यानंच दाखवली, बांधापासून लांब, त्याच्या खोपीच्या वळचणीला. डबा आता पारदर्शक आहे, वर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत 'खेळाचा डबा, धोका नाही' लिहिलंय, बाहुलीला रजा दिली आहे. आम्ही त्या शेतकऱ्याला डब्याचा राखणदार म्हणतो. त्याला ते आवडतं असं दिसतं.

प्रश्न : पावसाळ्यात डब्यातला कागद लगदा होतो. उपाय?
— एक गृहिणी, सांकवाळ

उत्तर : रबराची कड असलेला, चारी बाजूंनी खटके लागणारा डबा घ्या. आत झिपची पिशवी, पिशवीत कागद. पेन नको, पेन्सिल. औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देत असाल तर जमवा. आणि जून ते सप्टेंबर डबा चक्क तात्पुरता बंद ठेवा, तशी सोय आहे. ओल्या गडग्याच्या फटीत हात घालायची ती वेळ नव्हे. तिथं घोणस आपल्या आधी पोचलेली असते. इतर महिन्यांतही आधी काठी, मग टॉर्च, मग हात.

प्रश्न : आम्ही चार मित्र डिसेंबरात गोव्याला येतोय. किनारे बघून झालेत. एक दिवस पणजी आणि आसपास हा खेळ खेळायचाय. आठवण म्हणून एक डबा ठेवूनही जाऊ म्हणतो. मार्गदर्शन करावं.
— एक वाचक, सातारा

उत्तर : यावं जरूर, पण डबा ठेवून जाऊ नये. ज्याला त्याची देखभाल करता येत नाही अशा पाहुण्याचा डबा स्वीकारत नाहीत. फुटला, भिजला, तर साताऱ्याहून कोण येणार? शिवाय दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं.

गोव्यात डबे मोजके आहेत, युरोपातल्या शहरांसारखे पावलोपावली नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या शेवटच्या नोंदी वाचा. वर्षभर कुणाला सापडला नसेल तर त्यावर सकाळ घालवू नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र कुणाकडे असेल तर ते घरीच ठेवा. त्याला आपल्या देशात परवानगी लागते आणि विमानतळावर अडकाल. साधा फोन पुरे.

जुन्या गोव्यात चर्चच्या, पडक्या मनोऱ्याच्या भिंतींत हात घालू नका. संरक्षित वास्तू आहेत, तिथं डबा असायलाच नको. जांभा दगड मात्र दोनापावलाच्या कड्यावर डोळे भरून बघा. या खेळात 'अर्थकॅश' नावाचा एक प्रकार आहे: डबाच नाही, जागेवर जाऊन भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. जांभ्याला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकाननं १८०७ मध्ये दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण मऊ असताना कापून त्याच्या विटा पाडतात. आपले चिरे ते हेच. (असा प्रश्न मी परीक्षेत घातला होता, पाच जणांनी बरोबर लिहिलं.)

उरलेल्या वेळात स्वतःचाच खेळ रचा. आम्ही दिवाळीत रचतो: दोघी आकडे लपवतात, दोघी शोधतात. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनविद्येत नाव काढलेल्या आबे फारियाचा पुतळा आहे, बाईवर संमोहन करतानाचा. तो १९४५ चा. त्यातले शेवटचे दोन आकडे पुढच्या जागेच्या रेखांशात घालायचे, तिथं पोचलं की पुढचा आकडा. या धाग्यानं फोंताईन्यास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून मळ्याच्या मारुतीच्या पायऱ्यांपर्यंत माणूस आपोआप येतो. पायऱ्या मोजायला लावू नका, दर वेळी भांडण होतं.

दुपारी पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या बांधरस्त्यानं रायबंदरला या आणि फेरीनं चोडणला उतरा. धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. आत होडीनं जायचं तर भरतीची वेळ बघून जा. आमच्या डब्याकडे यायचं असेल तर पानावर सगळं दिलं आहे, फक्त खोपीजवळ आलात की आधी हाक मारा. दोन ते चार राखणदार झोपलेला असतो.