बर्फाखालचा माणूस आणि कुत्र्याचे नाक

प्रश्न : फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या हिमस्खलनात गाडले गेलेले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, तेव्हा शोधपथकात डॉट आणि मिशा हे लष्करी श्वानही होते. इतक्या बर्फाखालच्या माणसाचा वास कुत्र्याला लागतो कसा? आणि परदेशातले ‘स्नो रेंजर’ नेमके काय करतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोसळून घट्ट बसलेला बर्फ कुदळीला दाद देत नसला, तरी त्याच्या कणांमधून हवा खेळत असते आणि त्या हवेबरोबर गाडलेल्या माणसाचा गंध हळूहळू पृष्ठभागावर येतो. तो सरळ वर येईलच असे नाही. वाऱ्याने आणि बर्फाच्या थरांमुळे तो बाजूला सरकतो, म्हणून प्रशिक्षक श्वानाला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नागमोडी फिरवतो आणि तो जिथे पंजांनी उकरू लागेल, तिथे लांब सळ्या खुपसून खात्री करून घेतो. याच कारणासाठी शोधाच्या जागी सिगारेट ओढणे, खाणे किंवा लघवी करणे कटाक्षाने टाळले जाते. श्वानाच्या दृष्टीने हा सगळा खेळच असतो. सुरुवातीला बर्फातल्या खड्ड्यात त्याचा स्वतःचा प्रशिक्षक लपतो, पुढे अनोळखी माणूस लपतो, आणि सापडल्याचे बक्षीस म्हणून दोरीची रस्सीखेच मिळते.

मात्र श्वान पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, हे स्पष्ट सांगायला हवे. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुसंख्य माणसे वाचतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण झपाट्याने घसरते, कारण माणूस थंडीने मरण्याआधी गुदमरतो. हनुमंतप्पा हा अपवाद होता, आणि तेही पुढे ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात मरण पावले. म्हणून बर्फात जाणारे अनुभवी लोक ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारे यंत्र अंगावर बांधतात आणि सळी व फावडे सोबत ठेवतात. पहिला मदतनीस शेजारचा सोबतीच असतो.

स्नो रेंजरचे खरे काम त्याही आधीचे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील माउंट वॉशिंग्टनच्या टकरमन रॅव्हाइन या दरीत वन विभागाचे स्नो रेंजर अनेक दशके हे काम करत आले आहेत. ते बर्फात खड्डा खणून थर वाचतात, वाऱ्याने कुठल्या उतारावर नवा बर्फ साठवला आहे हे पाहतात आणि पाच पायऱ्यांच्या मापनात रोजचा धोका जाहीर करतात. गंमत अशी, की पुष्कळ बळी सर्वोच्च पायरीवर नव्हे, तर तिसऱ्या पायरीवर जातात. पाचव्या पायरीचा धोका जाहीर झालेल्या दिवशी लोक मुळात घराबाहेरच पडत नाहीत. शिवाय बळी ठरलेल्यांपैकी बहुतेकांवर कोसळलेला बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानेच सैल केलेला असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार यासाठी सर्वांत घातक, आणि स्की खेळणाऱ्यांना नेमका तोच आवडतो.

प्रश्न : सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या गळ्यातील ब्रँडीचे पिंप खरे होते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. ते पिंप इंग्लिश चित्रकार एडविन लँडसिअर यांच्या १८२० च्या सुमारास काढलेल्या चित्रातून लोकप्रिय झाले. गारठलेल्या माणसाला मद्य पाजल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली ऊब अधिकच लवकर निघून जाते. आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड मठाचा प्रसिद्ध श्वान बॅरी १८१४ मध्ये मेला आणि आजही बर्नच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेला आहे. आता मात्र या अवजड जातीऐवजी हेलिकॉप्टरमधून सहज नेता येणारे लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड अधिक वापरले जातात.