एकाच कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला धो धो आणि शिरोळला भुरभुर, असं का?

सगळा खेळ सह्याद्रीचा. अरबी समुद्रावरनं बाष्प घेऊन आलेला वारा कोकणातनं थेट घाटाला धडकतो, आडवा डोंगर म्हणून वर चढतो, वर दाब कमी म्हणून हवा पसरते, गार होते आणि पाणी तिथंच कोसळतं, म्हणून गगनबावड्यात वर्षाला ५००० मिमीच्या आसपास. घाट उतरताना तीच हवा परत तापते, ढग विरतात, शिरोळला ५००-६०० मिमीवर भागवायचं (वळीव वेगळा, त्याला घाट लागत नाही). पण पूर शिरोळलाच जास्त, कारण घाटाकडनं येणाऱ्या कुंभी-कासारी-भोगावती नद्यांचं पाणी पंचगंगेतनं शिरोळ तालुक्यातल्या नरसोबावाडीला कृष्णेत जातंय. त्यामुळं कोल्हापुरात ऊन असलं तरी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत जावा, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका.